शून्यावा महिना

माझी धाकटी बहीण संगणकाच्या कचेरीत काम करते. परवा रविवारी ती आली ती काम बरोबर घेऊनच. कंपनीच्या मूळ लायब्ररीत पुढील दोन वर्षांत काय काय सुधारायचे, त्याची यादी तिला करायची होती. लायब्ररी म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कॉलेजातली धुळकट कपाटे उभी राहिली. पण ही लायब्ररी म्हणजे तारीख सांगणे, नावे अनुक्रमाने लावणे असल्या रोजच्या कामांसाठी एकदा लिहून ठेवलेल्या सूचनांचा साठा. बाकीचे सगळे त्यावर आपापले मजले चढवतात.

"चुकले असेल ते खोडून टाकावे. त्याला दोन वर्षे कशाला?" मी म्हणालो. मराठीच्या प्राध्यापकाला खोडण्याचे भारी वेड!

तिने जावाचे उदाहरण दिले. 1996 साली आलेल्या या संगणकभाषेच्या मूळ साठ्यात जानेवारी हा शून्यावा महिना होता आणि वर्ष 1900 वजा करून मिळे. (शालिवाहन शक 78 वर्षे मागे असतो, पण ते निदान पंचांगात छापलेले तरी असते!) पुढच्याच वर्षी या मोजणीवर 'वापरू नये' असा शिक्का बसला. महिने एकपासून मोजणारी नवी व्यवस्था 2014 साली आली. आणि जुनी? ती अजून तिथेच आहे.

"का?"

"तिच्यावर कुणाकुणाचे काय उभे आहे ते मोजता येत नाही, दादा. नवे आधी शेजारी उभे करायचे, जुन्यावर पाटी लावायची, लोकांना हलायला वेळ द्यायचा. काढायचे ते सगळ्यात शेवटी." मग जरा थांबून ती म्हणाली, "तू आजीचे पत्र तपासले होतेस, आठवते?"

आठवत होते. मी बी.ए.ला होतो, हॉस्टेलवर राहत होतो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार केव्हाच गेले होते. आजी मात्र शाळेत शिकल्याप्रमाणे 'नांव', 'कांहीं', 'घरीं' असेच लिहीत असे. सुट्टीत जाताना मी तिचे पत्र बरोबर नेले आणि लाल शाईने खोडलेले सव्वीस अनुस्वार तिला दाखवले. ती हसली. "आमचे जुने वळण रे बाबा," एवढेच म्हणाली. त्यानंतरची पत्रे बहिणीच्या अक्षरात येऊ लागली. आजीची दृष्टी अधू झाली असेल, असे मी धरून चाललो होतो.

"डोळे चांगले होते तिचे," बहीण म्हणाली. "सुईत दोरा ओवायची. मला म्हणायची, तू लिही, तुला नवे येते."

ती पुन्हा यादीकडे वळली. एका ओळीपुढे 'काढणे' असे होते. ते बदलून तिने 'पाटी लावणे' केले. मी चहा टाकायला उठलो. ते पत्र आतल्या कपाटात अजून आहे. आजीची निळी शाई पार फिकटली आहे. लाल तेवढी ठळक राहिली आहे.