एका टिंबाचा मान

इंग्रजी व्याकरणात अनेकवचनी षष्ठीइतके छळणारे प्रकरण क्वचितच असेल. ‘ब्रदर्स फील्ड’ एवढे नुसते ऐकून शेत एका भावाचे की अनेक भावांचे, हे खुद्द इंग्रजासही सांगता यावयाचे नाही. भेद कळतो तो डोळ्यांस: अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह ‘एस’च्या आधी आले तर धनी एक, नंतर आले तर अनेक. लातूर जिल्ह्यातील आमच्या मुरुडचा शेतकरी मात्र ‘भावाचं’ आणि ‘भावांचं’ यांत घोटाळा करील तर शपथ! त्याची सारी वाटणी त्या एका अनुस्वारावर तोललेली असते. १९६२च्या लेखननियमांनी मराठीतील कितीतरी अनुस्वार गाळले. हा मात्र राखला.

परंतु हेच टिंब आमच्या विद्यार्थ्यांस फसविते. ‘वडिलांचे घर’ याचे इंग्रजी करताना ते अपॉस्ट्रॉफी ‘एस’नंतर देतात, आणि घराला अनेक वडील लाभतात! तांबडी रेघ ओढणे आम्हांस भागच आहे. तथापि त्या मुलांनी वडील मोजले नव्हते, त्यांना मान दिला होता. मराठीत आदर अनेकवचनाने व्यक्त होतो; इंग्रजी षष्ठीला ती सोय नाही. म्हणून रेघेशेजारी हेही सांगावे, की चूक व्याकरणाची आहे, संस्कारांची नव्हे.