संकल्प सोडावा कसा?

मराठीतलं 'सोडणे' हे क्रियापद मोठं बेरकी आहे. यजमान ताम्हनात पळीभर पाणी सोडतो, तेव्हा त्याने संकल्प सोडला असं आपण म्हणतो. आणि एक जानेवारीपासून पहाटे उठू लागलेला माणूस सोळा तारखेला पांघरूण डोक्यावर ओढून घेतो, तेव्हाही त्याने संकल्प सोडला असंच म्हणतो. आरंभाला आणि शेवटाला एकच शब्द! पूर्वजांना मनुष्यस्वभाव चांगलाच ठाऊक असावा.

खात्री करायची असेल तर नववर्षाच्या पहाटे साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर जावं. कोरे बूट, कानटोप्या, घामाचे टॉवेल – अवघं गाव किल्ला सर करायला निघालेलं असतं. उतरल्यावर त्या पराक्रमाबद्दल पाव किलो कंदी पेढे घेणारेही असतात. संक्रांतीचा तिळगूळ तोंडात पडला, की गर्दी ओसरते आणि गड पुन्हा नेहमीच्या चार पेन्शनरांच्या ताब्यात येतो. या मंडळींनी कधी संकल्प केलेलाच नसतो. ते रोज येतात, कारण घरी साडेसहाच्या आत चहा मिळत नाही.

नव्या पिढीने चढण्याचाही त्रास वाचवला आहे. आमच्या साताऱ्याच्या भाच्याने कपाटाच्या दाराला आतून एका लाल मोटारीचं चित्र डकवलं आहे. शिवाय रोज रात्री वहीत पंचावन्न वेळा लिहितो, 'मला मोटार मिळाली आहे.'

"मिळाली आहे? कुठाय?" मी खिडकीतून डोकावलो.

"मामा, 'मिळेल' म्हणायचं नसतं. मिळाली असंच म्हणायचं. विश्व ऐकत असतं."

"अरे, अंथरूण आवर म्हणून तुझी आई दहा वर्षं सांगते आहे. ते तू ऐकलंस? मग विश्वानं तरी तुझं का ऐकावं?"

आम्हालाही शाळेत एकच वाक्य शंभर वेळा लिहायला लावत. पण त्याला शिक्षा म्हणत, साधना नव्हे.

खरं तर या बाबतीत आपला पूजेतला संकल्प पाहण्यासारखा आहे. गुरुजी ब्रह्मदेवाच्या वयापासून सुरुवात करतात; मग खंड, देश, नदीचा काठ, संवत्सर, महिना, तिथी, वार, नक्षत्र, गोत्र, नाव. टपालखात्यालाही इतका पत्ता लागत नाही! मग काय हवं ते येतं – आयुष्य, आरोग्य, धनधान्य. मागण्यात कुठेही काटकसर नाही. पण खरी मेख शेवटच्या शब्दात आहे: 'करिष्ये'. मी करीन. अमुक फळ मिळावं म्हणून, आज, इथे, अमुक काम मी करीन. भाच्याच्या वहीतल्या पंचावन्न ओळींत हा एकच शब्द नाही.

हा शब्द पाळणारी माणसं आमच्या या कृष्णाकाठाने पाहिली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. दोन वर्षं गिऱ्हाईक मिळता मिळेना. लक्ष्मणराव नांगर सुधारत राहिले, फिरत राहिले. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेला गडी. तिथे कुस्ती मॅटवर. पुढची चार वर्षं मेहनत. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. १९५२ साली कांस्यपदक आलं – स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तात्पर्य, 'मी करीन' म्हणणारा भेटला, की 'मीही करीन' म्हणणारे भेटतात. कपाटातल्या चित्रासाठी कुणी घर गहाण ठेवल्याचं ऐकिवात नाही.

पण इतकं मोठं कशाला? आमची सांगलीची मावशी. काका अकाली गेले, पदरी एक मुलगी, तिला नर्स व्हायचं होतं. मावशीने सांगलीच्या गणपतीला नवस बोलला आणि घरी येऊन शेजारच्या खाणावळीला सांगितलं, "उद्यापासून रोज साठ पोळ्या देईन." भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली ती रोज लिहायची, 'पो. ६०'. कधी बत्तीस, कधी ताप असला तर नुसती रेघ. २००५ च्या पुरात गावभागातल्या तिच्या घरात पाणी शिरलं. तो अख्खा आठवडा कोरा.

मी म्हटलं, "मावशी, एवढे खाडे?"

"अरे, कृष्णामाई स्वतः घरी आली होती. पाहुणचार करू, की पोळ्या लाटू?"

बुडालेल्या दिवसांबद्दल तिने हळहळ केली नाही आणि दुसऱ्या आठवड्यात एकशेवीस लाटायची प्रतिज्ञाही केली नाही. चिखल काढला, पोळपाट धुतला आणि लिहिलं, 'पो. ६०'. पूरही सोसलेली ती जुनी कॅलेंडरं अजून तिच्या ट्रंकेत आहेत. मुलगी आज मिरजेच्या इस्पितळात नोकरीला आहे. नवस फेडताना मावशीने मोदक अगदी मोजून एकवीस ठेवले. "बाकीचं श्रेय पोळ्यांचं," म्हणाली.

तेव्हा काय हवं ते देवाला जरूर सांगावं; मागताना हात आखडू नये. पण रोज काय करणार, ते मात्र कॅलेंडरलाच सांगावं. देव दयाळू असतो, तो चुकलेले दिवस विचारत नाही. कॅलेंडर समोरच टांगलेलं असतं, आणि आपण चहा पीत असताना ते आपल्याकडे बघत असतं.