तोंड कुठल्या बाजूला?

ओटा पुसून झाला, मुलाचे दप्तर भरून झाले, तेव्हा कुठे तिने संगणक सुरू केला. टाकी भरली की पंपाची मोटार आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचा सर्किट बोर्ड सकाळी कारखान्याकडे पाठवायचा होता. ऑर्डर २५ नगांची. या वेळी चूक परवडणार नव्हती.

पहिल्या खेपेचे पाच बोर्ड दिसायला सुरेख होते. सगळे भाग चपखल बसले. फक्त टाकी भरली की मोटार बंद होण्याऐवजी सुरू व्हायची! रिलेच्या माहितीपत्रकात पायांचे चित्र खालून पाहून काढलेले होते. तिने ते वरचे समजले आणि दोन पायांची अदलाबदल झाली. संगणकाने हूं की चूं केले नाही. तांब्याच्या रेघांमध्ये अंतर पुरेसे आहे का, छिद्राभोवती तांबे उरते का, एवढेच तो बिचारा पाहतो.

म्हणून आज तिने २३० व्होल्टची बाजू आणि नाजूक चिपची बाजू यांच्यामधली आठ मिलिमीटरची मोकळी जागा दोनदा मोजली. मग बोर्डाचे चित्र मूळ मापात कागदावर छापले, कागद थर्माकोलवर ठेवला आणि रिले, ट्रान्सफॉर्मर, वायर जोडायची टर्मिनल्स एकेक करून त्यावर टोचली. पाणी प्यायला उठलेल्या सासूबाई दारातच थबकल्या.

"भातुकली मांडलीस की काय गं?" म्हणत त्या वाकल्या. "आणि ही वायर घालायची कुठून? तोंड तर आत आहे."

खरेच की! टर्मिनलचे पाय दोन्हीकडून सारखेच बसतात, त्यामुळे पडद्यावर हे लक्षातच आले नव्हते. टर्मिनल फिरवले की जोडण्याही उलटतात. रेघा पुन्हा आखेपर्यंत दोन वाजले.

मग तांब्याचे थर, हिरवा लेप, अक्षरे, बोर्डाची कड, छिद्रे अशा वेगवेगळ्या फाइली निघाल्या. थरांच्या या फाइलींना जर्बर म्हणतात. १९४० मध्ये व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या जोसेफ जर्बर यांच्या कंपनीची यंत्रे प्रकाशाने फिल्मवर रेघा काढत, त्यावरून हे नाव. त्याआधी काळ्या चिकटपट्ट्या हाताने चिकटवून मोठे चित्र करत आणि फोटो काढून ते लहान करत. एखादी पट्टी निसटली की संपलेच!

तिने फाइली दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिल्या. खालच्या थरावरची अक्षरे उलटी दिसत होती. तशीच हवीत; सगळे थर वरूनच पाहायचे असतात.

सकाळी चहा गाळताना सासूबाईंनी विचारले, "गेलं का तुझं ते?"

"गेलं, आई. तोंड बाहेर करून."