चांगला कफील, पक्का करार

आमच्या कोकणात व्हिसा हा शब्द मुलांच्या कानावर शाळेत जाण्याआधीच पडतो. अमक्याचा व्हिसा आला, तमक्याचा अडकला, यावर घरातली लग्ने ठरतात आणि घरावरचा स्लॅबही ठरतो. माझे अब्बा अठरा वर्षे आखातात होते. त्यांचा पासपोर्ट कफीलाच्या कपाटात असायचा. पहिला कफील भला माणूस. दादीचा इंतकाल झाला तेव्हा त्याने दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट हातात ठेवला आणि तिकिटाचे पैसेही दिले. पुढे नोकरी बदलली, कफील बदलला. त्या दुसऱ्याने माझ्या थोरल्या बहिणीच्या निकाहालाही सोडले नाही. अब्बा म्हणायचे, “पहिल्याने दिली ती मेहरबानी होती. हक्क कधी नव्हताच.”

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करते. जून २०२५ मध्ये अमेरिकेने बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी जाहीर केली. त्यांत इराण, येमेन, सुदान, सोमालिया, लिबिया, अफगाणिस्तान हे देश होते. ईदला घरी आली तेव्हा तिने विचारले, “अम्मी, २०१७ मध्ये एवढ्या मोठ्या कंपन्या बोलल्या होत्या. या वेळी सगळ्या गप्प कशा?” मला अब्बांचे ते बोलणे आठवले.

२०१७ मध्ये काय घडले ते थोडक्यात सांगते. २७ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना ९० दिवस प्रवेश बंद केला. सीरियाच्या निर्वासितांना तर बेमुदत. आदेश शुक्रवारी निघाला तेव्हा अनेक लोक विमानात होते. विमान उतरले आणि त्यांना अडवून ठेवण्यात आले. सुरुवातीला तर ग्रीन कार्ड असलेल्यांनाही, म्हणजे ज्यांचे घरदार, मुलांची शाळा सगळे अमेरिकेतच होते त्यांनाही, हा आदेश लागू केला गेला.

शनिवारी विमानतळांवर लोक जमले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गर्दीत गुगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन होते. ते सहा वर्षांचे असताना त्यांचे ज्यू कुटुंब सोव्हिएत रशियातून अमेरिकेत आले होते. आपण स्वतः निर्वासित आहोत म्हणून इथे आलो, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी कळवले की, त्यांच्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना या आदेशाची झळ बसली आहे. ॲपलच्या टिम कुक यांनी लिहिले की, स्थलांतरितांशिवाय ॲपल उभीच राहिली नसती. ते खरेच आहे. स्टीव्ह जॉब्ज यांचे जन्मदाते वडील सीरियातल्या होम्स शहराचे.

पण त्या दिवशी आणखीही काही लोक उभे राहिले. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने केनेडी विमानतळावर संध्याकाळी सहा ते सात भाडे न घेण्याचे ठरवले. या चालकांत मुसलमान पुष्कळ. एका तासाचे भाडे बुडणे म्हणजे काय, हे रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला विचारावे. त्याच संध्याकाळी उबरने तिथले वाढीव दर बंद केल्याचे जाहीर केले. संप मोडण्याचा हा डाव आहे असे लोकांना वाटले आणि दोन लाखांहून अधिक ग्राहकांनी उबरची खाती बंद केल्याच्या बातम्या आल्या. काही दिवसांतच उबरच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. सोमवारी गुगलचे दोन हजारांवर कर्मचारी काम सोडून बाहेर आले. ५ फेब्रुवारीला ॲपल, गुगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह ९७ कंपन्यांनी अपील न्यायालयात या आदेशाविरुद्ध निवेदन दिले.

त्या निवेदनात न्यायाची भाषा होती, तशीच धंद्याचीही होती. हुशार माणसे मिळणे अवघड होईल, खर्च वाढेल, असे त्यात म्हटले होते. यात मला वावगे काही वाटत नाही. अडकलेल्या माणसाला सोडवणाऱ्याच्या मनात काय होते, हे आपण तपासत बसत नाही. अपील न्यायालयाने आदेशाची स्थगिती कायम ठेवली. पुढे सरकारने आदेश दोनदा बदलून आणला आणि २६ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी तो रद्द केला. म्हणजे येमेनच्या कितीतरी आईबापांनी मुलांना भेटण्यासाठी तोवर वाट पाहिली.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा शपथ घेत होते, तेव्हा गुगल, ॲपल, मेटा आणि ॲमेझॉनचे बडे लोक समारंभात पुढे बसले होते. जूनची बंदी आली तेव्हा पूर्वीसारखे शेकडा कंपन्यांचे निवेदन दिसले नाही. मुलीला मी एवढेच सांगितले, “बेटा, कंपनी तीच आहे. तिचा फायदा आता दुसरीकडे आहे.”

माझे मामू चिपळूणला दुकान चालवतात. त्यांचे म्हणणे, व्यापाऱ्याने व्यापार करावा, राजकारणात पडू नये. आज आपल्या बाजूने बोलणारा उद्या आपल्याविरुद्ध बोलेल, आणि त्याला कोणी निवडूनही दिलेले नाही. मामूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण दुकानात कोण काय घेतो याची वही कोणी मागायला आला, तर ती द्यायची की नाही, हा मामूंचाच निर्णय आहे. तसेच या कंपन्यांचे. त्यांच्याकडे आपली नावे, फोटो, ठावठिकाणा, बोलणे सगळे आहे. ते कोणाच्या हाती द्यायचे, हा त्यांच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

आणि याद्यांचा अनुभव ताजा आहे. २००२ पासून अमेरिकेत पंचवीस देशांच्या पुरुषांची खास नोंदणी सुरू झाली. उत्तर कोरिया सोडला तर बाकी सगळे मुस्लिमबहुल देश. ८० हजारांहून अधिक लोकांनी बोटांचे ठसे दिले. त्यातून दहशतवादाचा एकही गुन्हा शाबीत झाला नाही. निर्वासनाची कारवाई मात्र हजारोंवर झाली. त्याच्याही आधी, १९४२ मध्ये, सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबताना जनगणनेची माहिती वापरली गेली होती.

म्हणूनच डिसेंबर २०१६ मधली एक गोष्ट मला कंपन्यांच्या निवेदनापेक्षा मोठी वाटते. बंदी यायच्या आधीच अडीच हजारांहून अधिक अभियंत्यांनी आणि इतर कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहून दिले की, वंश किंवा धर्म पाहून माणसांना लक्ष्य करणाऱ्या याद्या आम्ही तयार करणार नाही; वेळ आली तर नोकरी सोडू.

हे वाचताना हिल्फुल फुजूल आठवल्याशिवाय राहत नाही. येमेनचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाइल याने माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाच्या मागे टोळी नव्हती, म्हणून कोणी दाद देईना. त्याने डोंगरावर चढून फिर्याद मांडली. तेव्हा काही घराणी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमली आणि करार केला की, जुलूम झालेला माणूस मक्केचा असो वा बाहेरचा, आपण त्याच्या बाजूने उभे राहू. त्या व्यापाऱ्याचा माल परत मिळाला. प्रेषित मुहम्मद (स.) तेव्हा तरुण होते आणि त्या बैठकीत हजर होते. पुढे प्रेषित्व मिळाल्यावरही, अशा कराराची हाक आली तर आपण आजही जाऊ, असे ते सांगत.

करार करणारे बहुतेक व्यापारीच होते. मक्केची पत राहावी हेही त्यांच्या मनात असेल. पण त्यांनी शब्द दिला तो पुढच्याही अनोळखी माणसासाठी. मेहरबानी मालकाच्या मर्जीवर चालते. करार पुढच्या फिर्यादीलाही बांधून ठेवतो.

आपल्या घराघरांतून आज मुले-मुली संगणकाच्या क्षेत्रात जात आहेत. पगार किती, शहर कोणते, हे आपण विचारतोच. सोबत एवढेही विचारावे की, बेटा, तुझ्या हातून जी माहिती जाते ती कोणाची, आणि ती कशासाठी वापरली जाणार? लोकांची माहिती ही अमानत आहे, मग ते लोक कोणत्याही धर्माचे असोत. चुकीच्या कामाला नाही म्हणायचे तर एकट्याने जड जाते, चार सहकारी आधीच एकमेकांशी बोललेले असले तर सोपे जाते. नोकरी लागते त्याच आठवड्यात घरात हे बोलणे झालेले बरे.