वैनगंगेचा पूर आणि ‘सर्ज’ हे क्रियापद

गोंदिया

चि. भाचीस,


‘सर्ज’ हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधील ‘सुर्गेरे’, म्हणजे वर उठणे, या क्रियापदापासून आले असून, लाटेचे फुगून उठणे आणि त्याच जोराने पुढे लोटणे हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. म्हणूनच पुढे रेटणारी गर्दी, विजेच्या दाबातील अचानक उसळी आणि दाटून येणारी भावना यांनाही ते शोभते. पाणी जागच्या जागी वाढत राहणे मात्र त्याच्या अर्थात बसत नाही, कारण त्यात मागून येणारा रेटा नसतो.

हा फरक आपल्या वैनगंगेच्या पुरात स्पष्ट दिसतो. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी बालाघाटकडून येऊन गोंदिया जिल्ह्याच्या सीमेला लागते आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पावसाळ्यात अनेकदा याच मुलखावरून पुढे सरकतात. त्यामुळे गोंदियात पाऊस उघडलेला असतानाही वरच्या खोऱ्यातील पाण्याने नदीला पूर येतो. या पुरात पाण्याच्या तीन गती दिसतात. पात्र सावकाश भरू लागते तेव्हा पाणी ‘चढते’. धरणाचा विसर्ग, म्हणजे दारांतून सोडलेले पाणी, एकाएकी वाढल्यावर जो वेगवान रेटा खाली धावतो तो ‘लोंढा’. आणि वैनगंगा दुथडी भरून वाहत असल्याने बाघ नदीचे पाणी संगमाशी अडून मागे पसरते, तो ‘फुगवटा’. खरा ‘सर्ज’ यांपैकी केवळ लोंढ्याला म्हणावे. चक्रीवादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्यावर ढकलतो तेव्हा इंग्रजीत हाच शब्द वापरला जातो, तोही रेट्यामुळेच.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी होऊन सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर धरणातून पाणी सोडण्यात आले आणि गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील नदीकाठची गावे पुरात सापडली. चढते पाणी गुरे हलवायला अवधी देते, लोंढा तो देत नाही, आणि फुगवटा मुख्य नदी उतरेपर्यंत धानाच्या बांध्यांतून हटत नाही. म्हणजे प्रत्येक गतीला वेगळी सावधगिरी लागते. तेव्हा परदेशात या पुराविषयी इंग्रजीत लिहिताना पाण्यामागे रेटा होता की नाही हे आधी पाहावे आणि मगच ‘सर्ज’ लिहावे.

शुभचिंतक,
मामा