गुरुजींच्या फळ्यावरचा ‘ळ’

मराठी अक्षरं संगणकात नीट बसवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. ते माझ्या वाट्याला आलं बेंबळीच्या एका निवृत्त गुरुजींमुळे. त्यांच्याकडे संगणकाची पदवी नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या आम्हा पोरांना ओसरीवर बसवून घेतलं. तिथे जे कानावर पडलं, त्यावर माझं सगळं पुढचं शिक्षण उभं राहिलं.

भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर गुरुजी उजवीकडून डावीकडे आकडे मांडत: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट. यंत्राच्या पोटात प्रत्येक घराच्या दोनच अवस्था, एक किंवा शून्य. अशी आठ घरं घेतली की शून्यापासून २५५ पर्यंतचा कुठलाही आकडा मांडता येतो. “आता अक्षराला आकडा नेमून द्यायचा, एवढंच उरलं,” ते म्हणत. अमेरिकेत १९६३ साली आस्की या संकेतानं हे केलं होतं. सात घरं, १२८ जागा, त्यात मोठ्या ‘ए’ला ६५. त्या १२८ जागांत मराठीचं एकही अक्षर नव्हतं.

“मग आपला ‘ळ’ कुठं बसवायचा, गुरुजी?” मी विचारलं. बेंबळीच्या, तुळजापूरच्या माणसाला ‘ळ’ नसेल तर गावाचं नावसुद्धा लिहिता येणार नाही. गुरुजींनी फळ्यावर २१० लिहिलं आणि आम्हालाच फोड करायला लावली: १२८, ६४, १६ आणि २. घरं भरली, ११०१००१० झालं. “हा बघ तुझा ‘ळ’.”

तो आकडा इस्की या भारतीय लिपींच्या संकेतातला होता. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिपींसाठी संगणक घडवण्याचं काम चाललं. त्या चमूतले मोहन तांबे आणि त्यांचं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकानं इस्की भारतीय मानक झालं. खालच्या १२८ जागा आस्कीला तशाच ठेवून वरच्या १२८ भारतीय लिपींना दिल्या होत्या. ‘क’ देवनागरीतला असो, बंगालीतला असो की कन्नडमधला, त्याचा आकडा एकच, १७९. अक्षर दिसतं कसं यापेक्षा ते उच्चारलं कसं जातं याला इथे मान होता. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण इस्कीत आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी. बाराखडी म्हणणाऱ्या पोरालाही हा क्रम पटावा. कुणीतरी बसून आपल्या भाषेचा एवढा बारकाईनं विचार केला, हे मला गुरुजींनी दाखवलं.

या शिकवणीची खरी किंमत कळली ती गुरुजी गेल्यावर. त्यांनी आणि काकूंनी बेंबळी आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवला, त्या टाइप करून घेतल्या होत्या. काकूंनी माझ्या हातात फ्लॉपी ठेवली. “तुझ्या गुरुजींचं आहे बाई, बघ काय होतंय का.” फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांची हीच रीत होती. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट आहे तोवर मराठी दिसायची; फॉन्ट गेला की मजकूर परका व्हायचा.

सुदैवानं तोवर युनिकोड हा जगभरच्या लिपींचा संकेत रुळला होता. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला आणि अक्षरांचा क्रम इस्कीवरूनच घेतला गेला. तिथे ‘ळ’ झाला २३५५. कन्नडचा ‘ळ’ त्यापासून बरोबर ८९६ घरं पुढे, आणि दोन्ही लिपींच्या ‘क’मध्येही तेवढंच अंतर. तुळजाभवानीला कर्नाटकातून पायी येणाऱ्यांची लिपी आणि आमची लिपी यांचं नातं त्या आकड्यांतही टिकलं आहे.

मी ओव्या सोडवायला बसले. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, ती उचलून अक्षरामागे न्यायची. ‘सूर्य’चा रफार शेवटी टाइप केलेला, तो ‘य’च्या आधी आणून तिथे ‘र’ आणि हलन्त ठेवायचा. ‘वाऱ्यावर’ मधल्या ‘ऱ्य’ला वेगळा नियम, कारण तो रफार नव्हे. प्रत्येक नियम लिहिताना आधार एकच होता: उच्चाराचा क्रम धरायचा. त्या नियमांचं छोटं सॉफ्टवेअर झालं आणि ओव्या पुन्हा मराठीत आल्या. काकूंनी त्या नातीच्या मोबाइलवर वाचल्या. ज्या बायांनी सांगितल्या होत्या त्यांची नावंही प्रत्येक ओवीखाली नीट उमटली होती.

गुरुजींचं ऋण यानं फिटलं असं मी मानत नाही. कानपूर-पुण्याच्या ज्या माणसांना मी कधी भेटले नाही, त्यांचंही नाही. त्यांनी अक्षरांना आकडे दिले, गुरुजींनी ते आकडे माझ्यापर्यंत पोचवले. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत, ग्रंथालयांत, छापखान्यांत अजून जुन्या फॉन्टांतल्या फाइली पडून आहेत: गावांचे इतिहास, भारुडं, शाळांची हस्तलिखितं. फ्लॉप्या आणि सीडी वर्षागणिक खराब होत आहेत. ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट दोन्ही जपावेत, आणि जमेल तितक्या लवकर मजकूर युनिकोडमध्ये आणावा. बेंबळीच्या पोरांना मी आता सुट्टीत हेच शिकवते, आणि सुरुवात २१० च्या फोडीनंच करते.