उंच बैठकीची मोटार

निवृत्त होऊन पाच वर्षे झाल्यावर मनुष्य मोटार बदलण्याचा विचार बोलून दाखवतो, तेव्हा घरातील प्रत्येकाजवळ त्याविषयी एक स्वतंत्र मत तयार असते. पुण्याच्या चिरंजीवांचे म्हणणे असे, की वर्षातून चार वेळा इंदुराबाहेर पडणाऱ्यांनी भाड्याची गाडी करावी. सौभाग्यवतींच्या मते आहे ती लहान गाडी उत्तम चालते आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आईची अट एकच होती : जिच्यातून उतरताना दोघांनी धरून ओढावे लागणार नाही, अशी कोणतीही गाडी चालेल. आयुष्यभर फायलींवर टिपणे लिहिण्यात गेलेल्या माणसाला यावर एक साधकबाधक टिपण लिहावेसे वाटले, तर वाचकांनी ते सवयीचा भाग म्हणून सोडून द्यावे.

विषय होता मध्यम आकाराच्या एसयूव्हीचा. सव्वाचार ते साडेचार मीटर लांबी, पावणेदोन मीटरांहून थोडी अधिक रुंदी आणि जमिनीपासून सुमारे दोनशे मिलिमीटर उचललेले पोट, अशी ही जात. २०१२ साली आलेल्या डस्टरने तिला आपल्याकडे चालना दिली आणि २०१५ च्या क्रेटाने तिला घरोघरी नेले. आज इंदुरात विजयनगरच्या चौकात उभे राहिले, की दर पाच-सात गाड्यांमागे एक या वळणाची दिसते.

माझ्या मनात मात्र उंच गाडी म्हटली की जीपच उभी राहते. झाबुआ आणि बडवानीकडच्या नोकरीत तिने मला नदीनाले ओलांडून नेले. पुढे सुमो आली, १९९४ साली. तिचे नाव जपानी मल्लांवरून नव्हे, तर टेल्कोचे कर्तबगार प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे जुळवून ठेवलेले आहे, हे आमच्या कचेरीत फारसे कुणाला ठाऊक नसे. मी ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला अगत्याने सांगत असे. त्या गाड्यांची रचना मालमोटारीसारखी होती : खाली पोलादी चासी, तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी आणि मागच्या चाकांना इंजिनाची ताकद. हाडे खिळखिळी होत, पण गाडी खिळखिळी होत नसे.

आजच्या मध्यम एसयूव्हीत वेगळी चासी बहुधा नसतेच. लहान मोटारीप्रमाणे बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि बहुतेकींत ताकद फक्त पुढच्या चाकांना. विक्रेत्या तरुणाने मला पडद्यावर डोंगर, वाळवंट, उसळते पाणी असे बरेच काही दाखवले. मागच्या चाकांना ताकद जाते का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “अंकलजी, उसकी जरूरत किसको पड़ती है?” उत्तर प्रामाणिक होते. थोडक्यात, ही उंच पायांची मोटारच आहे, जीपची नात नव्हे. हे एकदा मान्य केले, की तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे स्पष्ट होते.

मागण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे बैठक. लहान गाडीत आपण खाली ‘पडतो’ आणि उतरताना गुडघ्यांवर सारा भार देऊन वर येतो. इथे आसन साधारण कमरेच्या पातळीला असल्यामुळे पाठ टेकवून सरकले की बसणे होते. मी आईला मुद्दाम बरोबर नेले होते. पहिल्या गाडीत तिचा पाय उंबऱ्यावर अडखळला. नऊवारीचा काठ दारात अडकला तो वेगळाच. दुसरीचा उंबरा चार बोटे खाली होता आणि दार जवळजवळ काटकोनात उघडत होते. तिथे ती कुणाचाही हात न धरता बसली. माहितीपत्रकात उंबऱ्याची उंची छापलेली नसते. छप्पर काचेचे असल्याचे मात्र मोठ्या अक्षरात असते. मे महिन्यातल्या माळव्याच्या उन्हात ते काचेचे छप्पर कोणत्या उपयोगाचे, हे अजून मला कुणी पटवून दिलेले नाही.

दुसरा मुद्दा खिडक्यांचा. आमची कुलदेवता वणीची सप्तशृंगी. तिकडे जाताना खलघाटच्या पुलावर नर्मदेला हात जोडल्याशिवाय आई पुढे जाऊ देत नाही. लहान गाडीतून तिला कठडाच दिसे. नव्या गाड्यांत मागच्या दारांच्या काचा शेवटाकडे निमुळत्या होत जातात. बाहेरून ते रूप छान दिसते, पण ठेंगण्या माणसाला आतून केवळ आकाश दिसते. पुढच्या आसनावरून मात्र कठड्यापलीकडचे पाणी दिसावे, असा माझा अंदाज आहे. म्हणजे आई पुढे आणि सौभाग्यवती मागे, अशी व्यवस्था करावी लागेल. त्यावरील चर्चा अद्याप प्रलंबित आहे.

उणी बाजू रामबागेत कळते. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या ओट्यांमुळे वाट आक्रसलेली, त्यात दुचाकी लावलेल्या. मी टेपने मापे घेतली. आरसे मिटले तर दोन्हीकडे वीतभर जागा उरते. त्याहून काळजीची गोष्ट अशी, की उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात बसलेले लहान मूल चालकाला दिसत नाही, आणि गल्लीत पोरे खेळत असतात. मागचा कॅमेरा बहुतेक गाड्यांत मिळतो, पुढचा फक्त महागड्या प्रकारांत. शिवाय उंचीमुळे घाटातल्या वळणावर गाडी कलते. बिजासनच्या वा नांदुरीच्या घाटात वेग आवरता घ्यावा लागेल. या वयात ते जड नाही.

इंजिनाबाबत माझे मत ठाम झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावी लागते. राजवाड्यापर्यंत जाऊन भाजी घेऊन परतणाऱ्याची गाळणी तुंबते आणि खर्च वाढतो. तेव्हा पेट्रोलच बरे, जरी ते शहरात अधिक लागले तरी.

राहिला पैशाचा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आतील लहान इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे ही अर्धी हात लांबी आपल्याला करातच बरीच महाग पडते. चिरंजीवांनी व्याजाचा हिशेब मांडून पाठवला आहे. तो बिनचूक आहे. भाड्याच्या गाडीला माझा विरोध एवढाच, की ती उंच येईल की ठेंगणी, हे पहाटे दाराशी आल्यावर कळते. गेल्या चैत्रात ठेंगणी आली, आणि आई “पुढच्या वर्षी पाहू” म्हणून घरात परत गेली.

म्हणून टिपणावर मी ‘मान्य’ असा शेरा मारला आहे : दुसरी गाडी, पेट्रोल, क्लचविरहित, काचेच्या छपराशिवाय. परवान्याचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले आहे. चैत्री पौर्णिमेला अजून दोन महिने आहेत.